अंदमानात स्नॉर्केलिंग : पाण्याखालच्या फोटोंसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?

पल्लवी_ठाणे

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी अंदमानला जातोय. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि सासूबाई. हॅवलॉक (म्हणजे आताचं स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) दोन्हीकडे मुक्काम आहे. एलिफंट बीच नक्की, आणि जमलंच तर वंडूरहून जॉली बॉय. स्कूबा करायचं नाहीये, फक्त स्नॉर्केलिंग. लेक आणि मी बऱ्यापैकी पोहतो, नवरा लाइफ जॅकेट घालून तरंगणार आणि सासूबाई काचेच्या तळाच्या बोटीतून बघणार.

प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. बजेट चाळीस हजारांच्या आसपास, अगदी मन लागलं तर थोडं वर. पर्याय तीन दिसतात : (१) फोनला प्लास्टिकची पिशवी, (२) गोप्रो किंवा डीजेआयचा अ‍ॅक्शन कॅमेरा, (३) ऑलिम्पसचा टफ टीजी-६ किंवा ओएम सिस्टमचा (म्हणजे आताच्या ऑलिम्पसचा) टीजी-७. पहिला सगळ्यात स्वस्त, दुसरा सगळे सांगतात आणि तिसरा मला आवडलाय. पण त्यावर "१५ मीटरपर्यंत जलरोधक" असं लिहिलंय, डीजेआयचा अ‍ॅक्शन ५ प्रो तर २० मीटर म्हणतो. मग १५ कमी पडतील का? लाल फिल्टर घ्यावा का? मला फोटो हवेत, व्हिडिओचं फार वेड नाही. भिंतीवर लावण्याजोगे दोन-तीन निघाले तरी भरून पावले.

गूगलून डोकं भणभणलंय. ज्यांनी खरंच पाण्यात नेलाय त्यांनी सांगा.

टवाळ_पंत

कॅमेरा कशाला? तिथला गाईडच त्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढून देतो की. तुम्ही फक्त अंगठा वर करून दाखवायचा. सगळ्या महाराष्ट्राचा फेसबुकवरचा पाण्याखालचा फोटो एकच आहे, फक्त डोकी बदलतात. :)

(कृ. ह. घ्या. धागा चांगला आहे, मलाही उत्तरं हवीच आहेत.)

शटरपंडित

पल्लवीताई, आधी ते मीटरचं डोक्यातून काढून टाका. स्नॉर्केलिंगमध्ये तुम्ही पाण्याच्या पृष्ठभागावर असता. दम धरून खाली बुडी मारलीत तरी नवशिक्या माणसाची मजल दोन-तीन मीटर. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, तिथे तुम्ही जाणारच नाही आहात. १०, १५, २० हे आकडे तुमच्यासाठी सारखेच. गोप्रो हिरो १२ आणि १३ यांचा १० मीटरचा आकडासुद्धा पुरून उरतो.

खरा खेळ प्रकाशाचा आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, मग नारिंगी, मग पिवळा. पाचेक मीटरवर लाल जवळजवळ संपलेला असतो. आणि हे फक्त खोलीचं गणित नाही, इथेच बरेच जण फसतात. समजा मासा दोन मीटर खाली आहे आणि तुम्ही वर तरंगत त्याच्यापासून दोन मीटरवर आहात. ऊन वरून दोन मीटर पाणी कापत माशापर्यंत गेलं, त्याच्यावर आपटून पुन्हा दोन मीटर कापत तुमच्या भिंगापर्यंत आलं. झाला चार मीटरचा प्रवास. म्हणून एवढ्या उथळ पाण्यातही फोटो निळे-हिरवे आणि मळकट येतात. कॅमेरा पन्नास हजारांचा असो वा लाखाचा, मधलं पाणी काही हटत नाही. हटवायचं तर जवळ जायचं. हातभर अंतरावरून काढलेला साधा सार्जंट मेजर मासा (पिवळा-काळा पट्ट्यांचा, ढिगाने असतात) हा तीन मीटरवरून काढलेल्या कासवापेक्षा चांगला फोटो होतो.

तेव्हा प्रश्न असा विचारा, की तुम्ही तरंगताना कुठला कॅमेरा जवळून चांगला काढतो? याचं उत्तर सरळ आहे : टीजी. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचा फोकस बहुतेक ठरीव असतो, फुटभराच्या आत काही गेलं की मऊ पडतं. वर भिंग इतकं रुंद, की फुटावरचा मासाही फ्रेममध्ये चिंचोक्याएवढा दिसतो.

अ‍ॅक्शनवाला_अभि

पंडितजींशी अर्धा सहमत. अर्ध्यावर भांडतो.

मासा कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. तुम्ही तरंगताय, लाट तुम्हाला हलवतेय, मासा त्याच्या मर्जीने चाललाय. अशा वेळी टीजीवर फोकस लागेपर्यंत शेपटीचा फोटो मिळतो. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर ४के व्हिडिओ चालू ठेवा, घरी येऊन हवी ती फ्रेम उचला. ४केची एक फ्रेम ३८४० बाय २१६० म्हणजे ८.३ मेगापिक्सेल. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापली तर साधारण १३ बाय ७ इंच. भिंतीवर लावायला पुरते की.

दुसरं म्हणजे माणसं. लेक बुडी मारतेय, बुडबुडे सोडतेय, मागे सूर्याची किरणं, हे रुंद भिंगातच मावतं. सहलीवरून आल्यावर लोक काय बघतात? माशाचे फोटो दोन मिनिटं बघतात, पोरीचा व्हिडिओ वर्षभर.

तिसरं म्हणजे सोपेपणा. बंद असताना वरचं एक बटण दाबलं की गोप्रो थेट रेकॉर्डिंग सुरू करतो, पुन्हा दाबलं की बंद. पाण्यात डोकं चालत नाही, एकच बटण बरं. आवाजाने हुकूम देणं मात्र पाण्याखाली विसरा, आणि टचस्क्रीनही.

शटरपंडित

फ्रेम उचलायची तर व्हिडिओचा शटर स्पीड बघा. ढगाळ हवेत १/६० वर (सेकंदाचा साठावा भाग) काढलेल्या व्हिडिओतून उचललेली प्रत्येक फ्रेम हललेली असते, मेगापिक्सेल कितीही मोजा. फोटोसाठी उचलायचं असेल तर १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर स्वतः बांधून घ्यावं लागतं, मग व्हिडिओ थोडा झटकेदार दिसतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

आणि शेपटीचा फोटो मिळतो म्हणालास, त्यावर टीजीत प्रो कॅप्चर नावाची सोय आहे. बटण अर्धं दाबून ठेवायचं, पूर्ण दाबलं की त्याच्या अर्धा सेकंद आधीच्याही फ्रेम्स कार्डावर येतात. माशांसाठी फार कामाची, आणि बहुतेक लोक ती कधी चालूच करत नाहीत.

देवबागचो_बाबलो

मी देवबागचो. सीझनाक रोज माणसां पाण्यात घालतंय. माका कॅमेऱ्यातला काय कळना नाय, पण कॅमेरो घेऊन येणाऱ्यांचा काय होता ता रोज बगतंय. आता शुद्ध लिवतंय, नायतर तुमका समजाचा नाय. :)

पहिली गोष्ट, ज्यांना लाइफ जॅकेट लागतं त्यांनी पहिल्या फेरीत कॅमेरा घेऊ नये. जॅकेट माणसाला उचलून धरतं. तोंड खाली घालून तरंगायला सवय लागते. नळी तोंडात, मास्क नाकावर, नाकाने श्वास घ्यायचा नाही हे सगळं नवीन. त्यात हातात कॅमेरा दिला की माणूस स्क्रीन बघत राहतो, नळी पाण्यात जाते, खारं पाणी घशात, मग धडपड. पंधरा मिनिटं नुसतं बघा. श्वास संथ झाला की मग कॅमेरा.

दुसरं, दोरी. मनगटाला दोरी, आणि कॅमेऱ्याला तरंगणारा दांडा. नारिंगी किंवा पिवळा घ्या, निळा-काळा घेऊ नका, लाटेत दिसत नाही. नुसती दोरी असेल आणि ती सुटली तर कॅमेरा तळाला. आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तळ तीन-चार मीटरवर असतो म्हणून आम्ही काढून देतो. अंदमानात रीफची (प्रवाळाच्या रांगेची) कड लागली की पुढे खोल असतं, तिथे गेला तो गेला.

तिसरं, लांब सेल्फी स्टिक पाण्यात नको. शेजारच्याच्या मास्कला लागते, आणि प्रवाळाला तर हमखास लागते. वीतभर दांडा बस झाला.

आणि एक हात जोडून सांगतो. फोटोसाठी प्रवाळावर उभं राहू नका, आणि गाईडला "मासे जवळ आण, पाव टाक" म्हणू नका. गिऱ्हाईक मागतं म्हणून पोरं टाकतात. पाव टाकला की एकाच जातीचे दांडगे मासे येतात, बाकीचे पळतात. पाणीही गढूळ होतं, ते वेगळंच.

नीलिमा_मस्कत

बाबलोदादा, तुमचा प्रतिसाद छापून बोटीवर चिकटवायला हवा.

मी ओमानमध्ये राहते. मस्कतच्या वायव्येला दैमानियत नावाची बेटं आहेत, राखीव क्षेत्र आहे, परवानगी लागते. तिथे हिवाळ्यात स्नॉर्केलिंगला जातो. टीजी-६ वापरते. पल्लवी, तुला वापरणारीच्या बाजूने सांगते, कागदावरचं नाही.

चांगलं काय : एक सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करतो. मायक्रोस्कोप मोड नुसता नावाला नाही. दगडावरच्या ख्रिसमस ट्री वर्म नावाच्या किड्याचे पिसारे, जायंट क्लॅमच्या (मोठ्या शिंपल्याच्या) ओठांवरची निळी-हिरवी नक्षी, क्लाउनफिशच्या घराचे म्हणजे अ‍ॅनिमनीचे बोटांसारखे तंतू, हे सगळं येतं. पाण्याखालचे वेगळे मोड आहेत, शिवाय व्हाइट बॅलन्सला (रंगांचा तोल) उथळ, मध्यम, खोल असे तीन पर्याय. तू उथळ ठेव आणि विसरून जा. रॉ फाइल मिळते, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतात.

वाईट काय : सेन्सर फोनच्या तोडीचाच, लहानसा. १२ मेगापिक्सेल. संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत फोटो दाणेदार येतात. म्हणून सकाळी दहा ते दुपारी दोन, सूर्य डोक्यावर असतानाच काढायचे. आणि भर उन्हात, पृष्ठभागाजवळ असताना स्क्रीनवर काहीही दिसत नाही. स्वतःची सावली पाडून बघावं लागतं.

झूम वापरू नकोस. झूम म्हणजे मासा तिथेच, मधलं पाणी तेवढंच आणि हात हलला की सगळं धूसर. फ्लॅशही बंद. पाण्यात जे बारीक कण तरंगत असतात ते फ्लॅशमुळे उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. फक्त अगदी वीतभर जवळून काढताना फ्लॅशचा उपयोग होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दारं. बॅटरी-कार्डाचं एक आणि केबलचं एक, अशी दोन दारं आहेत, दोन्हींना दुहेरी कुलूप. पाणी कॅमेऱ्यात शिरतं ते पंचाण्णव टक्के या दारांतूनच, असं माझं मत, आकडा मनाचा आहे. आतल्या बाजूला जी रबरी कड असते तिच्यावर एक केस जरी अडकला तरी खाऱ्या पाण्याला तेवढी वाट पुरते. मी खोलीतच, कोरड्या हातांनी, खिडकीच्या उजेडात कॅमेरा तिरपा धरून कडेवरून बोट फिरवते. वाळूचा कण बोटाला लगेच कळतो. मऊ कापडाने पुसायचं, टिश्यू नको, त्याचे धागे राहतात. मग दार बंद, कुलूप, आणि त्यानंतर हॉटेलवर परत येईपर्यंत उघडायचं नाही. किनाऱ्यावर बसून "जरा कार्ड बदलते" हा धंदा करायचाच नाही.

टवाळ_पंत

पंतांचा गंभीर प्रश्न : माझ्या आयफोनवर आयपी६८ लिहिलंय. सहा मीटर, तीस मिनिटं. मग वरचे सगळे कॅमेरे कशाला?

शटरपंडित

पंत, ते सहा मीटर प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यातले. समुद्र खारा असतो आणि स्थिर तर नसतोच. सॅमसंगचे बरेच फोन दीड मीटर, तीस मिनिटं म्हणतात, तेही गोडं पाणी. फोन जुना होतो तशी आतली सीलं सैल होतात, एकदा पडलेल्या फोनचा तर भरवसाच नाही. आणि आत पाणी गेलं तर अ‍ॅपलची नेहमीची वॉरंटी लागू होत नाही, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. चुकून स्विमिंग पूलमध्ये पडला तर वाचावा यासाठी ती सोय आहे, घेऊन पोहायला नाही.

वर फोनमध्ये विमानाचं तिकीट, बँक, यूपीआय, हॉटेलचं बुकिंग. सहलीच्या तिसऱ्या दिवशी तो गेला तर फोटो राहू द्या, जेवायचे वांधे. बेटांवर नेटवर्क कधी असतं कधी नसतं, तेव्हा रोख रक्कम ठेवाच, पण तरी.

क्षितिजा

पिशवीबद्दल मी लिहिते, कारण मी तीच वापरते आणि मला ती आवडते. कुणी हसू नका.

पिशवी वाईट नाही, अपेक्षा चुकीच्या असतात. मुख्य फोन घालायचा नाही, घरात पडलेला जुना घालायचा. आधी टिश्यू पेपर घालून पिशवी बादलीत दाबून ठेवायची, वर पाण्याने भरलेलं पातेलं, तासभर. टिश्यू सुका निघाला तर फोन. ही परीक्षा सहलीच्या आदल्या दिवशीही करायची आणि तिथे पोचल्यावरही, कारण बॅगेत दुमडून घडीवर चीर जाते.

पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही. म्हणून बाहेरच कॅमेरा उघडायचा, स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवायची आणि आवाजाच्या बटणाने फोटो काढायचा. पिशवीचं प्लास्टिक भिंगाच्या पुढे ताणून, सपाट बसवावं लागतं. मध्ये हवेचा फुगा राहिला की दाबाने पिशवी फोनला चिकटते आणि बटणं आपोआप दाबली जातात. मला असे गुडघ्यांचे शेकडो फोटो मिळालेत.

फोटो धुरकट येतात, हे खरं. पण कमरेएवढ्या पाण्यात मुलांचे चेहरे, मास्क लावून हसणारे, छान येतात. फोनसाठी कडक डब्याचे हाउसिंगही मिळतात, ते चांगले, पण तेवढ्या पैशात मग कॅमेराच घ्या.

पल्लवी_ठाणे

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नीलिमाताई, ते दाराचं वाचून मी आत्ताच घाबरलेय.

राहिलेल्या शंका :

फिल्टर घेऊ का नको?

लेकीला तो अर्धं पाणी-अर्धं आकाश असा फोटो हवाय. तिने कुठल्यातरी रीलमध्ये पाहिलाय. तो यातल्या कशाने येतो?

मला चष्मा आहे. लांबचा उणे साडेतीन, आणि आता जवळचाही लागायला लागलाय. पाण्यात मला कॅमेऱ्याची स्क्रीन तरी दिसेल का?

अ‍ॅक्शनवाला_अभि

लाल फिल्टर स्नॉर्केलिंगला नको. तो डायव्हर लोकांसाठी, साधारण तीन मीटरच्या खाली, निळ्या पाण्यात. पृष्ठभागाजवळ लावलात तर सगळे मासे टोमॅटो सूपमध्ये पोहल्यासारखे दिसतील. शिवाय फिल्टर प्रकाश खातो, आधीच कमी तिथे आणखी कमी.

अर्ध्या-अर्ध्याचा फोटो : त्याला घुमट लागतो, म्हणजे भिंगापुढे अर्धगोल डोम. पाण्याची रेघ लहानशा भिंगावर नेमकी मध्यात ठेवणं जवळपास अशक्य, घुमट मोठा असल्याने रेघ रुंद जागेवर पसरते. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांसाठी स्वस्त घुमट मिळतात. त्यात हवा असल्याने तो वर उसळतो, खाली दाबून धरावा लागतो, मनगट भरून येतं. काढायच्या आधी अख्खा घुमट पाण्यात बुचकळून लगेच वर घ्यायचा, म्हणजे वरच्या अर्ध्यावर थेंब न राहता पातळ थर राहतो आणि दोन सेकंद मिळतात. नीलच्या भरतपूर बीचसारख्या शांत, कमरेएवढ्या पाण्यात जमतो. लाटा असतील तर नाद सोडा.

३६० कॅमेऱ्याचा (चहूबाजूंचं एकदम टिपणारा) कुणी आग्रह धरेल तर थांबा. पाण्यात किरणं वेगळी वाकतात, त्यामुळे दोन भिंगांच्या चित्रांचा सांधा जुळत नाही. त्याला वेगळं खास कव्हर लागतं.

दर्यावर्दी_काका

चष्म्यावर मी लिहितो, वयाचा अधिकार म्हणून.

पल्लवी, उणे नंबरचे तयार मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने, दोन डोळ्यांना वेगवेगळी काच बसवता येते. उणे साडेतीन सहज मिळेल. मुंबई-पुण्यात डायव्हिंगचं सामान विकणारे आहेत, आधी घेऊन ठेव. तिथल्या भाड्याच्या मास्कमध्ये नंबर मिळेलच असं नाही. पाण्यात मास्कमधून वस्तू तशाही पाव अंतराने जवळ आणि तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात, म्हणून किंचित कमी नंबरही चालून जातो. पण जवळच्याचा घोळ वेगळा. लांबचा नंबर घातलास की स्क्रीन धूसर होणार. मास्कच्या काचेच्या खालच्या भागात आतून चिकटवायची वाचनाची छोटी भिंगं मिळतात, ती लाव. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात जायचं असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरला विचार, मास्कमध्ये पाणी शिरलं की लेन्स जाते, शिवाय संसर्गाचं भय.

नवऱ्याला मिशी आहे का? असेल तर वरच्या ओठापाशी मास्क गळणार. काढायला सांगत नाही, संसार टिकला पाहिजे, फक्त जरा कातरून घ्या.

आता विषय निघालाच आहे तर जुनं सांगतो. पाण्याखालचा फोटो हे एकेकाळी आमच्यासारख्यांचं काम नव्हतं. फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोच्या कल्पनेतून कॅलिप्सो कॅमेरा निघाला, तो पुढे निकॉनने घेतला आणि १९६३ पासून निकोनॉस नावाने विकला. फिल्मचा, ३६ फोटो, आणि फोकस अंदाजाने, अंतर नजरेने मोजून भिंग फिरवायचं. ३६ संपले की बाहेर येऊन, अंग पुसून, रोल बदलायचा. माझ्या एका मित्राकडे निकोनॉस ५ होता, नारिंगी, अजून चालतो म्हणे.

तुमच्या पोरीला गंमत म्हणून एक सुचवू? फिल्मचा एकदाच वापरायचा जलरोधक कॅमेरा अजून मिळतो, कोडॅकचाही आणि फुजीचाही. २७ फोटो, आयएसओ ८०० ची फिल्म, स्क्रीन नाही, बॅटरी नाही. तिला देऊन टाका. रोल धुवून आणि स्कॅन करून देणारे मोठ्या शहरांत आहेत. मात्र विमानतळावर बॅगेत ठेवून सीटी स्कॅनरमधून जाऊ देऊ नका, हातात तपासायला विनंती करा.

क्षितिजा

काका, निकोनॉसवर वेगळा धागा काढा. आग्रह समजा.

नीलिमा_मस्कत

पल्लवी, आणखी एक, जे कुणीच सांगत नाही. टीजी घेतलास तर तुझे सगळ्यात चांगले फोटो स्नॉर्केलिंगमध्ये येणारच नाहीत कदाचित. मी अंदमानला आले होते तेव्हा नीलला नॅचरल ब्रिजपाशी ओहोटीला गेलो. खडकांमध्ये डबकी राहतात, घोट्याएवढं पाणी, आणि त्यात काय नाही! समुद्रकाकड्या, लहानगे खेकडे, क्लॅम, इवलाले मासे. पाणी स्थिर, ऊन भरपूर, तुझे पाय जमिनीवर. कॅमेरा हातभर पाण्यात बुडवून, स्क्रीन वरून बघत काढायचे. सासूबाईंनाही हाताला धरून नेता येईल, जुने रबरी तळाचे बूट घाला, खडक शेवाळलेले असतात. भरती-ओहोटीची वेळ आधी बघ. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त उघडते. पाय बघून टाकायचा, डबक्यातलं काही उचलायचं नाही.

उचलायचं नाही हे नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा बॅगेत सापडला तर विमानतळावर अडवतात. लेकीला आधीच सांगून ठेव, मुलं खिशात भरतात.

शटरपंडित

नीलिमाताईंना जोरदार अनुमोदन. डबक्यांतल्या फोटोंना कमी लेखू नका.

उथळ पाण्याची एक भानगड राहिली. लाटांवरून वाकलेल्या उन्हाच्या जाळ्या तळावर आणि माशांवर नाचत असतात. डोळ्यांना सुंदर दिसतं, फोटोत माशाच्या पाठीवर पांढरे पट्टे जळून जातात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अर्धा स्टॉप खाली ठेवा, म्हणजे कॅमेऱ्यात उणे ०.५, उणे ०.७ पर्यंतही चालेल. काळं पडलेलं रॉमध्ये वर काढता येतं, जळलेलं परत येत नाही.

आणि वरून खाली नेम धरू नका. तरंगत काढलेल्या शंभरातल्या नव्वद फोटोंत माशाची पाठ आणि मागे तळ असतो, मासा तळात विरघळून जातो. माशाच्या पातळीला या. बुडी मारायची नसेल तर नुसता हात खाली सोडा, कॅमेरा तिरका वर धरा आणि न बघता चार-सहा फोटो झोडा. मागे निळं पाणी आलं की मासा सुटा दिसतो. याला काही कौशल्य लागत नाही, निलाजरेपणा लागतो.

लेकीला बुडी मारायची असेल तर एकटीने नाही, आणि आधी भराभर खोल श्वास घेण्याचा प्रकार अजिबात नको. त्याने दम वाढत नाही, शरीराचा इशारा उशिरा येतो आणि पाण्याखाली शुद्ध हरपते. यावर मी गंमत करत नाहीये.

देवबागचो_बाबलो

पंडितांनी शेवटचा लिहिला ता सोन्यासारखा.

पाण्याबद्दल एक. फोटो पाण्यावर आहे, कॅमेऱ्यावर नाही. आमच्या मालवणला चार-पाच मीटर स्वच्छ दिसलं तर चांगला दिवस, आणि पावसानंतर लगेच आलात तर हातही दिसत नाही. अंदमानात जानेवारीत पाणी बरंच स्वच्छ मिळतं, पण गर्दीत तळ ढवळला की तिथेही तेच. एलिफंट बीचला पहिल्या बोटीने जा. दहा-अकरानंतर तिथे पाण्यात माणसंच जास्त.

टवाळ_पंत

पण वर सांगितलंय की दहा ते दोन ऊन चांगलं. आणि इथे दहानंतर गर्दी. मग काय करायचं, रात्री जायचं?

देवबागचो_बाबलो

पंतांनू, आठ-साडेआठाक पोचा, आधी नुसते पोहा, सवय करा. नऊ-साडेनऊला ऊन वर आलेलं असतं, तिथे सूर्य आपल्यापेक्षा लवकर उगवतो. गर्दी यायच्या आत फोटो काढून मोकळे व्हा.

पल्लवी_ठाणे

बाबलोदादा, सूर्याचं लक्षातच आलं नव्हतं!

ठरलं. टीजी-७ घेतेय. दिराकडे जुना गोप्रो पडून आहे, तो लेकीसाठी आणि नवऱ्यासाठी मागून घेतलाय, त्याला नारिंगी दांडा मागवला. घुमटाचं लेकीने स्वतःच्या पैशातून घ्यायचं ठरलंय, त्यामुळे आता तिला तो तेवढा गरजेचा वाटत नाही. नंबरचा मास्कही मागवलाय. मिशी कातरायला नकार आलाय.

शेवटचं विचारते, दिवसभराच्या पाण्यानंतर कॅमेऱ्याचं काय करायचं? आणि भिंगावर आतून वाफ धरते म्हणतात, ते काय?

नीलिमा_मस्कत

खोलीवर आलीस की दारं न उघडता बादलीत गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव. नळाखाली नुसता धरणं पुरत नाही, मीठ बटणांच्या फटीत सुकून बसतं. पाण्यातच सगळी बटणं दाबून घे. मग पुसून, पंख्याखाली सुकवून, त्यानंतरच दार उघड आणि चार्जिंगला लाव. ओल्या फटीत केबल घालू नकोस. हेअर ड्रायर नको, उन्हातही नको, रबर कडक होतं.

वाफ धरते ती बंद करताना आत राहिलेल्या दमट हवेची. बाहेर पडवीत दार लावलंस आणि कॅमेरा थंड पाण्यात घातलास की ती भिंगावर धरते. म्हणून एसी चालू असलेल्या खोलीत, कोरड्या हवेत दार लावायचं. बोटीवर कॅमेरा उन्हात तापू द्यायचा नाही, ओल्या पंच्यात गुंडाळून ठेव. दिराच्या गोप्रोला जर बाहेरचा डबा असेल तर त्यात सिलिका जेलची पुडी घालायची, त्याला वाफ जास्त धरते.

अ‍ॅक्शनवाला_अभि

दिराचा गोप्रो जुना आहे म्हणताय, तर मॉडेल बघा. हिरो ४ (त्यातला सेशन सोडून) किंवा त्याआधीचा असेल तर तो डब्याशिवाय पाण्यात चालत नाही. हिरो ५ पासून उघडा चालतो. उघडा चालणारा असला तरी वर्षानुवर्षं पडून असेल तर बाजूच्या दाराचं रबर बघून घ्या, ते सुकतं. मॉडेल इथे लिहा, नक्की सांगतो.

आणि जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवर बँक केबिन बॅगेत. चेक-इन सामानात टाकल्यात तर बॅग उघडायला परत बोलावतात.

पल्लवी_ठाणे

हिरो ७ ब्लॅक आहे. दार ठीक दिसतंय, पण रबराला बारीक भेग आहे का काय कळत नाहीये. उद्या उजेडात बघते.

अ‍ॅक्शनवाला_अभि

भेग वाटत असेल तर शंका कशाला, दार बदला. हिरो ७ चं सुटं दार मिळतं, रबरासकट. बसवल्यावर आधी बादली, मग तरणतलाव, मग समुद्र.